मुलाचा ताबा: कोर्टापुढे काय ठेवायचे आणि तज्ज्ञाला काय विचारायचे

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात एका वडिलांनी कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. व्हॉट्सॲपच्या प्रिंटा, बायकोचे फेसबुकवरचे फोटो, सासऱ्यांच्या बोलण्याचे रेकॉर्डिंग असलेला पेनड्राइव्ह. सात वर्षांचा मुलगा आईकडे इचलकरंजीला होता आणि यांना त्याचा ताबा हवा होता. तासभर मी कागद चाळले. त्यांत मुलाबद्दल एक ओळ नव्हती.

शेवटी विचारले, "पोराला काही दुखणंखुपणं?" तेव्हा गडी बोलायला लागला. दमा आहे. थंडी सुरू झाली की रात्री इनहेलरचे दोन पफ. स्पेसर, म्हणजे इनहेलरला लावायची नळी, साबणाच्या पाण्यात धुवायचा, पण फडक्याने पुसायचा नाही, तसाच वाळू द्यायचा. दोनदा ॲडमिट करावे लागले होते आणि दोन्ही वेळा संमतीच्या फॉर्मवर सही यांची होती. केस पेपर घरी कपाटात पडून होते. पुढच्या खेपेला मी पिशवी घरीच ठेवायला लावली आणि ती पातळ फाइल मागवली. शनिवार-रविवारच्या मुक्कामी भेटी त्यांना मिळाल्या, त्या फाइलीच्या जोरावर.

ताब्याच्या भांडणात नवरा वाईट की बायको वाईट, हे कोर्टाला ठरवायचे नसते. या मुलाचा दिवस कोणाच्या हाती नीट जातो, एवढेच बघायचे असते. पुरावा त्या दिवसाचा हवा. ही एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवली, तर पुढची कामे सोपी होतात.

कायद्याची चौकट

पालक व पाल्य अधिनियम, 1890 हा सगळ्या धर्मांच्या मुलांना लागू आहे. त्याच्या कलम 9 प्रमाणे मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते, तिथल्या कोर्टात अर्ज करायचा. कलम 17 मध्ये कोर्टाने काय पाहायचे ते दिले आहे: मुलाचे वय, ताबा मागणाऱ्याची वर्तणूक आणि कुवत, मुलाशी त्याचे नाते, आणि मूल समजून-उमजून सांगण्याइतके मोठे असेल तर त्याची पसंती. हिंदू मुलांसाठी 1956 चा अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा आहे. त्याच्या कलम 6 प्रमाणे पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे राहते, आणि कलम 13 प्रमाणे मुलाचे हित सर्वांत वरचे. यातला 'साधारणपणे' हा शब्द महत्त्वाचा. पाच वर्षांखालचे मूल आईलाच मिळणार, असे गृहीत धरून आईने हातावर हात ठेवून बसू नये, आणि वडिलांनीही आशा सोडू नये.

तिसरा कायदा कौटुंबिक न्यायालयांचा, 1984 चा. त्याचे कलम 14 प्रत्येक पक्षकाराने समजून घ्यावे. वाद मिटवायला उपयोगी वाटेल असा कोणताही अहवाल, जबाब किंवा कागद हे कोर्ट पाहू शकते, मग तो साक्ष्य कायद्याच्या काटेकोर कसोटीला उतरो न उतरो. ही सवलत मोठी आहे, आणि फसगत होते ती इथेच. कागद आत घेतला म्हणजे तो मानला, असे नाही. त्याला वजन किती द्यायचे, ते न्यायाधीश शेवटी ठरवतात.

दाव्याआधी आठवडाभर करायचे काम

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर मुलाचा एक सोमवार लिहून काढा, उठल्यापासून झोपेपर्यंत. डबा कोण करते, शाळेच्या रिक्षापर्यंत कोण सोडते, दुपारी घरी कोण असते, गृहपाठ कोण घेते, ताप आला तर रजा कोण काढते. त्याशेजारी एक रविवार लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हे मी म्हणतो म्हणून खरे, की याला कागद किंवा तिऱ्हाईत माणूस आहे? ज्या ओळींना काहीच नाही, त्या तुमच्या केसमधल्या कच्च्या जागा.

खोटे लिहू नका, हे मी कळकळीने सांगते. एका केसमध्ये वडिलांनी शपथेवर सांगितले, की ते रोज संध्याकाळी मुलीला क्लासला सोडतात. ते गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये कामाला होते. समोरच्या वकिलांनी समन्स काढून कंपनीचे पंचिंग रेकॉर्ड मागवले. महिन्यातले निम्मे दिवस सेकंड शिफ्ट. क्लास सहाचा, आणि माणूस त्या वेळी भट्टीपाशी. "आठवड्याच्या सुट्टीला आणि फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा मी सोडतो," असे लिहिले असते, तर त्यांच्याबद्दल आदरच वाटला असता. त्या एका वाक्यापायी त्यांच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडाला.

कागद कोणते

भांडण सुरू होण्याआधीचा, दुसऱ्याच कोणी आपल्या कामापुरता तयार केलेला कागद सर्वांत मोलाचा. शाळेचा प्रवेश अर्ज, त्यावर आणीबाणीसाठी कोणाचा नंबर दिला आहे, प्रगतिपुस्तकावरच्या सह्या, पालकसभेची हजेरी, फीच्या पावत्या, लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याचे केस पेपर, औषधाची बिले, क्लासच्या बाईंचे मेसेज. गृहपाठाच्या वहीत रोज खाली कोणी सही केली, ते तर बघाच. दोन वर्षांच्या सह्यांची वही एकीकडे आणि पाच नातेवाइकांची शपथपत्रे दुसरीकडे ठेवली, तर मी वही उचलीन.

दावा लागल्यावर शाळेकडून मागून आणलेले "मूल आईसोबत आनंदी असते" छापाचे पत्र फारसे उपयोगी पडत नाही. मुख्याध्यापकांना यात ओढायचेच असेल, तर हजेरीपत्रक घेऊन साक्षीला बोलवा. हजेरी बोलते. ताबा एकाकडून दुसऱ्याकडे गेल्यावर मुलाच्या गैरहजेऱ्या वाढल्या की घटल्या, हे त्यातून स्वच्छ दिसते.

सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावा, पानांना नंबर घाला आणि दस्तऐवज यादीसोबत दाखल करा. मूळ कागद स्वतःपाशी जपून ठेवा, कोर्ट मागेल तेव्हा दाखवावा लागतो. जो कागद समोरच्याच्या ताब्यात आहे, तो हजर करायला लावण्यासाठी अर्ज देता येतो. जबरदस्तीने घरातून कागद उचलून आणू नका.

मोबाइलमधला पुरावा

गाडे अडते ते बहुतेक इथेच. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू झाला. जुन्या कायद्यातल्या 65-बच्या प्रमाणपत्राची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या दाखल्याची, जागा आता कलम 63 ने घेतली आहे. प्रमाणपत्र लागतेच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात, म्हणजे जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, ठामपणे सांगितले होते. नव्या कायद्यात प्रमाणपत्राचा नमुनाच परिशिष्टात दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. मोबाइलची कंपनी, मॉडेल, रंग, सिरीयल नंबर, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला, तरी ठसा बदलतो.

कलम 14 ची सवलत आहे म्हणून कौटुंबिक न्यायालयात हे प्रमाणपत्र नको, असे सांगणारे भेटतील. मी तो धोका पत्करत नाही. वरच्या कोर्टात गेल्यावर कोणता मुद्दा कुठे अडेल, याचा नेम नसतो.

प्रत्यक्षात करायचे ते असे. मेसेज असलेला फोन विकू नका, रिसेट करू नका, बदलून घेऊ नका. चॅट पूर्ण एक्सपोर्ट करा, सोयीचे चार मेसेज निवडू नका. स्क्रीनशॉट काढलाच, तर त्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसू द्या. नाव 'विंचू' म्हणून सेव्ह केले असेल, तर कोर्टापुढे तेच येणार, हेही ध्यानात असू द्या. तीनशे पाने देण्यापेक्षा मुलाशी संबंधित वीस पाने पुढे ठेवा आणि पूर्ण चॅट पेनड्राइव्हवर जोडा.

चोरून केलेल्या कॉल रेकॉर्डिंगबद्दल सगळेच विचारतात. 14 जुलै 2025 रोजी विभोर गर्ग विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नवरा-बायकोमधल्या दाव्यात असे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येते, पती-पत्नीतल्या गोपनीयतेच्या नियमाची त्याला आडकाठी नाही. अर्थात आवाज कोणाचा हे ओळखता आले पाहिजे आणि रेकॉर्डिंगमध्ये काटछाट नाही, हे दाखवता आले पाहिजे. मुलाला समोर बसवून "सांग बाळा, पप्पा काय करतात?" असे विचारत काढलेला व्हिडिओ मात्र कधीही आणू नका. तो बघताना न्यायाधीशांना मुलाचे उत्तर कमी आणि तुमचा प्रश्नच जास्त ऐकू येतो.

साक्षीदार

कोर्टाने वादाचे मुद्दे काढल्यापासून 15 दिवसांच्या आत साक्षीदारांची यादी द्यायची असते. ही मुदत हातची घालवू नका. तुमचा स्वतःचा सरतपास, म्हणजे आपल्या बाजूची साक्ष, शपथपत्रावर होतो, उलटतपास तोंडी. आईवडील, भाऊ, मेहुणे यांची रांग लावू नका. एक आजी पुरे, तीही मुलाला रोज सांभाळत असेल तर. त्यापेक्षा शेजारच्या काकू, रिक्षावाले मामा, वर्गशिक्षिका अशी माणसे बघा, ज्यांना या भांडणातून काही मिळायचे नाही. शिक्षिका स्वतःहून येणार नाहीत, त्यांच्यावर संस्थेचा दबाव असतो. साक्षीसमन्स काढा, भत्ता भरा, म्हणजे त्यांना "कोर्टाने बोलावले म्हणून आले," असे म्हणता येते. त्यांना काय बोलायचे ते शिकवू नका.

समुपदेशकांपुढे

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशकांशी गाठ पडते. मोकळेपणाने बोला. तिथले बोलणे गोपनीय असते, ते समोरच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचा प्रयत्न करू नका. पण कोर्टाने सांगितले, तर समुपदेशक मुलाच्या घरची परिस्थिती बघून अहवाल देतात. त्या दिवशी घर चकचकीत नसले तरी चालते. मुलाचा अभ्यासाचा कोपरा, त्याचे अंथरूण, दप्तर, औषधे कुठे आहेत हे तुम्हाला चटकन दाखवता आले पाहिजे. एका आजोबांनी घरभेटीला आलेल्या बाईंना नातीच्या डब्याचे झाकण दाखवले. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी चिकटपट्टीने आठवड्याचा बेत लावला होता, कारण मंगळवारी तिला पोहे आवडत नाहीत. यापेक्षा बोलका पुरावा मला तरी माहीत नाही.

तज्ज्ञ

तज्ज्ञ दोन प्रकारचे असतात, आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. एक, उपचार करणारा. मुलाचे बालरोगतज्ज्ञ, समुपदेशन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी मुलाला वेळोवेळी पाहिले आहे, त्यांच्याकडे नोंदी आहेत. दोन, मूल्यमापन करणारा. त्याने दोन्ही पालकांना, मुलाला आणि दोन्ही घरांना समजून घेऊन कोर्टापुढे मत मांडायचे असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना "ताबा कोणाला द्यावा" असे विचारले, की त्यांची अडचण होते आणि मुलाचा उपचारही बिघडतो. कारण मूल ज्यांच्यापाशी मन मोकळे करत होते, तेच आता कोणाच्या तरी बाजूचे झाले.

माझ्याकडे लोक एका पानाचे सर्टिफिकेट घेऊन येतात: "बाळाच्या मानसिक वाढीसाठी आईजवळ राहणे गरजेचे." खाली सही-शिक्का. डॉक्टरांनी बाळाला एकदाच पाहिले, आईसोबत, वीस मिनिटे. वडिलांची कधी गाठ नाही. अशा कागदाचा उलटतपासात पाच प्रश्नांत चुराडा होतो, आणि डॉक्टरांची मानहानी होते ती वेगळीच. त्यांना एवढेच लिहून द्यायला सांगा: कधी पाहिले, किती वेळा, सोबत कोण होते, काय आढळले, काय उपचार दिले. मत नको, निरीक्षण हवे.

मूल्यमापन हवे असेल, तर सरळ रस्ता कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 12 चा. कोर्ट वैद्यकीय तज्ज्ञ किंवा कुटुंबकल्याणाच्या क्षेत्रातली व्यक्ती, शक्यतो महिला, मदतीला घेऊ शकते. अर्ज करताना "तज्ज्ञ नेमावा" एवढ्यावर थांबू नका. प्रश्न लिहून द्या. उदाहरणार्थ: मुलाचे दोन्ही पालकांशी नाते कसे आहे? भेटीच्या आधी-नंतर त्याच्या वागण्यात बदल होतो का, आणि त्याची कारणे काय असू शकतात? दम्याचा त्रास सांभाळण्याची दोन्ही घरांची तयारी किती? भेटींचे कोणते वेळापत्रक या वयाच्या मुलाला झेपेल? ताबा कोणाला, हा प्रश्न मात्र तज्ज्ञाला टाकू नका. तो न्यायाधीशांचा आहे. साक्ष्य अधिनियमाचे कलम 39 तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरते, ते मत म्हणूनच.

तुम्हीच तज्ज्ञ सुचवत असाल, तर नोंदणी तपासा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते, मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे. शिबिर करून 'काउन्सेलर' झालेल्यांचा अहवाल पहिल्याच प्रश्नाला गळपटतो. कोल्हापुरात खासगी फी परवडत नसेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सीपीआर रुग्णालयातून तपासणी करून घेण्याचा आदेश मागता येतो. साक्षीला येणाऱ्या तज्ज्ञाला त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यायची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, त्यामुळे पैशाचा विषय आधीच, लेखी आणि कोर्टाला दिसेल असा करा. निकालावर फी ठरवण्याची भाषा कोणी केली, तर तिथून उठा.

अहवाल आला की तो पहिल्या पानापासून वाचा. निष्कर्षावर उडी मारू नका. तज्ज्ञाने कोणाशी किती वेळ बोलून हे लिहिले? मुलाला कोणी आणून सोडले होते? बोलणे मराठीत झाले, की इंग्रजी प्रश्नावली मराठीत सांगून? कोणत्या चाचण्या वापरल्या, त्या या वयाला लागू आहेत का? तुमच्याविषयी जे लिहिले, ते तुम्हाला विचारून लिहिले, की समोरच्याच्या सांगण्यावरून? अहवाल विरोधात गेला, तरी उलटतपासात तज्ज्ञावर चिडून उपयोग नाही. शांतपणे आधार काय ते विचारा. "आपण वडिलांच्या घरी गेला नव्हता, बरोबर?" एवढा एक प्रश्न दहा आरोपांहून जड असतो.

'मुलाला माझ्याविरुद्ध फितवले' हा आरोप आजकाल जवळपास प्रत्येक अर्जात असतो. 2024 मध्ये कर्नल रमनीश पाल सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की असा शिक्का घाईने मारू नये, फितवण्याचे नेमके वर्तन, नेमके प्रसंग दाखवावे लागतात. म्हणून वहीत लिहा: अमुक तारखेला साडेपाचला भेट होती, मूल पाठवले नाही, असा मेसेज आला. तज्ज्ञापुढे हेच ठेवा.

दुसऱ्याच्या मानसिक आजाराचे कागद हत्यार म्हणून वापरणाऱ्यांना मी परत पाठवते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली आहे, आणि आजाराचा पुरावा कोर्टात आल्यावर दुसऱ्याने तो नाकारला, तर प्रकरण त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे मतासाठी पाठवायची तरतूद कलम 105 मध्ये आहे. नैराश्याची गोळी घेणारी आई नालायक ठरत नाही. तिची गोळी चालू आहे आणि मुलाचा डबाही वेळेवर जातो, हे दिसले की प्रश्न मिटतो. डीएनए चाचणीची मागणीही अशीच. 2023 च्या फिरोदिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट मान्य करू नये असे म्हटले, कारण त्यात मुलाचाच बळी जातो.

मूल स्वतः

न्यायाधीश मुलाशी बहुधा आपल्या चेंबरमध्ये, दोन्ही पालकांना बाहेर ठेवून बोलतात. तयारी करून पाठवू नका. पढवलेले मूल मोठ्यांचे शब्द वापरते आणि ते लगेच कळते. रात्री झोप, सकाळी पोटभर न्याहारी, आणि "साहेब विचारतील ते खरे सांग, काहीही सांगितलेस तरी मी रागावणार नाही," एवढे वाक्य. बाहेर आल्यावर "काय बोललास?" विचारायचे नाही. सुनावणी बंद दाराआड व्हावी असे एका पक्षकाराने जरी मागितले, तरी कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 11 प्रमाणे ती तशी घ्यावी लागते. ते जरूर मागा.

कोणी अंगाला हात लावल्याचे किंवा मारहाणीचे मुलाने काही सांगितले, तर गोष्ट पार वेगळी. खोदून विचारू नका, रेकॉर्डिंग करू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, त्याच दिवशी डॉक्टर आणि पोलीस गाठा. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. ताब्याच्या तारखेची वाट बघायची नाही.

खर्च, वकील, अपील

कौटुंबिक न्यायालयात वकील देण्यासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. ती साधारणपणे मिळते, पण अर्ज लागतो. बाईला आणि मुलाला उत्पन्न कितीही असले, तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. अपिलाची मुदत 30 दिवसांची धरूनच चाला. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. रात्रीच्या बसने जाणे, एका तारखेसाठी दोन दिवसांचा खाडा. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झाले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या पक्षकारांची ही पायपीट संपली. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर मात्र तिथे लागते, त्याची सोय आधीच करून ठेवा.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली, तर तो बदलून मागता येतो. म्हणून ती शंभर पानी वही निकालानंतरही चालू ठेवा: भेट झाली, किती वाजता आणले, किती वाजता सोडले, इनहेलर सोबत होता का.